माझ्या भाषेत ‘सोड’ नव्हतं

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. दोर म्हणा, दोरी म्हणू नका. दोरी असते ती कपडे वाळत घालायला, नाहीतर रद्दी बांधायला. मी माणूस पेलायचो. आता एका भाड्याच्या घरात दाराआड खिळ्याला वेटोळं होऊन लटकतो. अंगावर रंगाचे असंख्य शिंतोडे आहेत आणि एका टोकाला अर्धा उरलेला लाल पट्टा आहे. त्या लाल पट्ट्याने माझी नोकरी घालवली आणि पुढे एका दुपारी माझा जीव टांगणीला लावला. तुम्ही म्हणाल, दोराचा जीव टांगणीलाच असायचा. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या कारखान्यात झाला. आधी धागे, मग धाग्यांचे पेड आणि असे तीन पेड एकमेकांत पिळून झालो मी. लांबी सत्तर हात, जाडी अंगठ्याएवढी. कानामागे पेन्सिल खोचलेल्या एका माणसाने मला कप्पीवरून वाळूच्या गोणी लटकावल्या आणि वर बघत म्हणाला, “हा टिकेल.” मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं ते एका पेंटरने. चित्रं काढणारा नव्हे, इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवणारा. छोट्या फळीवर बसून, कमरेला डबा अडकवून तो गच्चीवरून खाली यायचा, आणि त्याच्या व जमिनीच्या मध्ये फक्त मी असायचो. गच्चीवर त्याचा भागीदार माझं दुसरं टोक सांभाळायचा. सहाव्या मजल्यावरून मारलेली हाक वाऱ्यात विरून जाते, म्हणून दोघं माझ्यातून बोलत. एक झटका म्हणजे थांब. दोन झटके म्हणजे चल. तीन झटके म्हणजे मला धर. एवढीच माझी भाषा, तीन शब्दांची. त्यात ‘सोड’ हा शब्द नव्हता. कसा असेल? वर लटकणारा माणूस ‘सोड’ असं कधी कुणाला सांगतो का?

रोज संध्याकाळी पेंटर मला हातभर हातभर सरकवत बोटांनी तपासायचा. डोळे मिटून. तेव्हा मी जरा भाव खात असे, खोटं कशाला सांगू.

चौथ्या वर्षी एका कार्यालयाच्या गच्चीवरच्या धारदार कठड्याला मी दिवसभर घासत राहिलो. संध्याकाळी पेंटरची बोटं माझ्या मध्यावर येऊन थांबली. तीनपैकी एक पेड काचला गेला होता. पुरता तुटला नव्हता, पण त्यांच्या धंद्यात ‘पुरता’ आणि ‘थोडा’ असा फरक करत नाहीत. त्याने ब्रश घेतला, त्या जागी लाल पट्टा ओढला आणि भागीदाराला म्हणाला, “आजपासून याच्यावर माणूस नाही.”

मित्रांनो, मला फार लागलं ते. अजून दोन पेड शाबूत होते की! पण मला कोण विचारतो? नवा दोर आला, आणि मी रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे जाऊन पडलो. दोन वर्षं तिथे होतो. एका उंदराने माझ्या वेटोळ्यात संसार थाटला, तेवढाच काय तो उपयोग.

मग पेंटरने घर बदललं. नवं घर हमरस्त्याला लागून होतं, आणि त्याला मुलं तीन. थोरली आठ वर्षांची, घरात सगळ्यांवर हुकूम सोडणारी. मधला सहा वर्षांचा, ज्याला प्रत्येक गोष्ट कशी चालते आणि कशी बंद होते हे माहीत करून घ्यायचं असे. आणि धाकटा गप्पू. गप्पू साडेतीन वर्षांचा होता, पण बोलत नव्हता. त्याला ऐकू सगळं यायचं, समजायचंही सगळं, फक्त तोंड उघडत नसे. डॉक्टर म्हणत बोलेल, आई म्हणे बोलेल, पेंटर काहीच म्हणत नसे. तो एके दिवशी डब्यांमागून मला काढून घेऊन आला. मला धुतलं, उन्हात वाळवलं आणि माझ्या एका टोकाशी थोरलीसाठी एक गाठ मारली, मधल्यासाठी दुसरी. गप्पूच्या मुठीत गाठ मावेना, म्हणून अगदी टोकाला एक कडं बांधलं. ते आवळणारं नव्हतं. उघडा हात त्यात सहज जाई, पण मूठ मिटली की बाहेर येत नसे. बाकीचं वेटोळं पेंटरच्या खांद्यावर. अशी आमची वरात रोज रस्ता ओलांडून शाळेत जाऊ लागली.

“काहीही झालं तरी धरलेलं सोडायचं नाही,” त्याने तिघांना पहिल्या दिवशी बजावलं. “मी सोड म्हणेन तेव्हाच सोडायचं. काय?”

“मी सोड म्हणेन तेव्हाच,” थोरली आणि मधला एका सुरात म्हणाले. गप्पूने मूठ आवळून दाखवली.

मग पेंटरने त्यांना माझी भाषाही शिकवली. थोरली चार दिवसांत कंटाळली. मधल्याने विचारलं की चार झटके दिले तर काय होतं. गप्पूने मात्र ती भाषा आपलीशी केली. वाटेत कुत्रा दिसला की एक झटका, थांब. कुत्रा बघून झाला की दोन, चल. झोप आली, पाय दुखले, भीती वाटली की तीन, मला धर. मग पेंटर त्याला कडेवर घेई. जे पोर कुणाशी बोलत नव्हतं ते माझ्यातून बोलत होतं. माणूस पेलण्याहून हे काम मोठं आहे हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं आणि उंदराचं घर मी विसरून गेलो.

आता त्या दिवसाकडे येतो.

वसाहतीचा वार्षिक खेळमेळावा होता. मुलांची आई दवाखान्यात नर्स. सुट्टीच्या दिवशीही तिची ड्यूटी लागलेली. पेंटरची तिन्ही मुलांना घेऊन दिवसभर एकट्याने बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ.

“तिघांना घेऊन निघालायत ना?” चपला चढवता चढवता आई म्हणाली. “मग संध्याकाळी मला तिघंच हवेत. दोन नकोत, चार नकोत.”

“अगं, सहा मजले उतरतो मी,” पेंटर हसला. “तीन पोरं आणि एक मैदान, त्यात काय एवढं?”

“भिंत जागची हलत नाही हो,” ती म्हणाली आणि गेली.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. थोरलीने लिंबू-चमच्यात दुसरा नंबर काढला. मधला माइकवाल्याच्या टेबलाशी जाऊन दर पाच मिनिटांनी “काका, हे बंद कसं करतात?” असं विचारून आला. माइकवाल्याने शेवटी त्याला टेबलाखालची तारेची पिन दाखवली आणि हात लावलास तर बघ, असा दम दिला. गप्पू कड्यात हात घालून सगळीकडे माझ्या मागे मागे होता. पेंटर खुशीत होता. या वसाहतीत येऊन त्याला सातच महिने झाले होते. लोक त्याला ‘ए पेंटर’ म्हणत, त्यापुढे ओळख गेली नव्हती. आज दोघातिघांनी त्याला मुलांची नावं विचारली होती.

मेळाव्याचा शेवटचा खेळ रस्सीखेच. वरची गल्ली विरुद्ध खालची गल्ली, दरवर्षीचं हाडवैर. आणि ऐनवेळी कळलं की वसाहतीचा दोर कार्यालयाच्या कपाटात बंद आहे आणि कपाटाची चावी घेऊन चिटणीस परगावी गेले आहेत. पंच होते कवायत मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी. त्यांची नजर पेंटरच्या खांद्यावर पडली.

“पेंटरसाहेब!” ते दुरूनच ओरडले. “मैदानाची अब्रू आता तुमच्या खांद्यावर आहे.”

साहेब! सात महिन्यांत पहिल्यांदा. पेंटरचे कान लाल झालेले मी पाहिले.

“त्याचा एक पेड काचलाय हो,” तो म्हणाला. “माणूस नाही टांगायचा त्याच्यावर.”

“टांगतोय कोण? खेचायचाय!” मास्तर म्हणाले आणि सगळे हसले. पेंटरही हसला.

मुलं कडेच्या बाकावर होती. “सोड गं,” तो थोरलीला म्हणाला. तिने गाठ हातातून सोडली. “सोड रे, आणि इथेच बस,” तो मधल्याला म्हणाला. तेवढ्यात मास्तरांनी त्याच्या खांद्यावरचं वेटोळं उचललं. “गाठी राहू द्या, ते टोक मागेच राहील. तुम्ही आधी मध्यावर खुणेचा फडका बांधायला या, ऊन चढतंय.” पेंटर त्यांच्यामागे गेला.

गप्पू बाकाच्या पलीकडे खाली बसून एका हाताने खडे मांडत होता. दुसरा हात कड्यात होता. त्याला ‘सोड’ असं कुणीच म्हणालं नाही.

मला मैदानात ओढायला सुरुवात झाली. माणसांनी मला एक हिसका दिला, मग दुसरा. दोन झटके. चल. गप्पू उठला आणि शहाण्या मुलासारखा माझ्यामागे निघाला. लोकांचे डोळे पुढच्या टोकाकडे, मागच्या टोकाला काय चाललंय ते बघतो कोण? मी बघत होतो, मित्रांनो. पण दोराला तोंड नसतं.

मैदानाच्या त्या कडेला कापडी कनात लावलेली होती आणि तिच्यामागे जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. माझं शेपूट तिथवर गेलं. ऊन रणरणत होतं. गप्पू कनातीखालून पलीकडे सरकला आणि सावलीत मांडी घालून बसला, हात कड्यात, मूठ घट्ट. आता मी ज्या जागेतून कनातीखालून आत गेलो होतो तिथे कनातीचा लोखंडी खांब होता, आणि खांबाला खेटून जमिनीत ठोकलेला लोखंडी खुंटा. दोन्हींच्या मध्ये फट होती ती जेमतेम माझ्यापुरती. त्यातून मी जात होतो, दोन्ही गाठी अलीकडे मैदानातच राहिल्या होत्या. लहान मुलाची मूठ गेली नसती.

“दोर ताणा!” मास्तरांनी हुकूम दिला.

दहा इकडून, दहा तिकडून. वरच्या गल्लीचा शेवटचा गडी होता बेकरीवाला. अंगाने चांगला भरभक्कम, त्याने माझा कमरेला विळखा घेतला होता. मी ताणला गेलो, माझं शेपूट चार हात पुढे सरकलं आणि गप्पू बसल्या जागेवरून घसरत आला. कडं त्या फटीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

गप्पूने एक झटका दिला. थांब.

“मागून कोण चाळे करतंय रे?” बेकरीवाला ओरडला. विळख्यामुळे त्याला वळता येईना. “पोरांनो, कान उपटेन एकेकाचे!”

खेळ तेव्हाच सुरू व्हायचा, पण वसाहतीच्या अध्यक्षांनी दोन शब्द बोलायचं ठरवलं. दोनाचे दोनशे झाले. वीस माणसं मला ताणून उभी, आणि मी मनात म्हणत होतो, बोला, अध्यक्षमहाराज, बोलत राहा. आयुष्यात कुणाचं भाषण मी इतक्या मनापासून ऐकलं नसेल.

खुणेचा फडका बांधून पेंटर बाकाकडे परतला. बाकावर दोघं.

“गप्पू कुठाय?”

थोरली मधल्याच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली. “इथेच होता.”

पेंटर बाकाखाली वाकला. बाकामागे गेला. सरबताच्या टेबलाखाली पाहिलं. मग त्याची नजर फाटकाकडे गेली, आणि फाटकापलीकडच्या हमरस्त्याकडे. एक बस जोरात हॉर्न वाजवत गेली. माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणजे काय होतं ते मी त्या वेळी पाहिलं. सहाव्या मजल्यावर पाय घसरला तेव्हाही या माणसाचा चेहरा असा झाला नव्हता.

तो फाटकाकडे धावला. “एक छोटा मुलगा बाहेर गेला का? एवढा!” त्याने गुडघ्याच्या वर हात धरला.

“इतकी पोरं येतायत जातायत,” पहारेकरी म्हणाला. “हाक मारा की, ओ देईल.”

गप्पू ओ देणारा मुलगा नव्हता. पेंटर तसाच माइकवाल्याकडे आला.

“माझा मुलगा हरवलाय. आत्ता सांगा सगळ्यांना.”

“अध्यक्षांचं संपू द्या, लगेच सांगतो,” माइकवाला कुजबुजला. “शर्ट कुठल्या रंगाचा आहे?”

पेंटरने तोंड उघडलं. “निळा,” तो म्हणाला. “नाही, पिवळा. थांबा…” आणि त्याला आठवेना. हा माणूस पाच वर्षांपूर्वीच्या भिंतीचा रंग नुसत्या आठवणीने पुन्हा कालवून द्यायचा, मित्रांनो. स्वतःच्या पोराचा शर्ट त्याला सांगता येईना. त्याने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं.

शर्ट हिरवा होता. खिशावर बदक होतं. मला ठाऊक होतं, पण उपयोग काय?

थोरली धापा टाकत त्याच्यापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती.

“बाबा, तुम्ही मला सोड म्हणालात.”

“काय?”

“मला सोड म्हणालात. ह्याला सोड म्हणालात. गप्पूला कुठे म्हणालात?”

पेंटरचा हात आपल्या रिकाम्या खांद्याकडे गेला.

“मग त्याने सोडलाच नसणार,” थोरली म्हणाली.

त्याच क्षणी अध्यक्षांचे शब्द संपले, टाळ्या पडल्या आणि कवायत मास्तरांनी शिट्टी फुंकली.

वीस माणसांचा जोर माझ्या अंगात आला. लाल पट्ट्याच्या जागी काहीतरी करकरलं. लोक ओरडत होते, माइकवाला हरवलेलं पोर विसरून, त्यांच्यावर कडी करून “खेचा, खेचा” म्हणत होता, आणि मास्तर तालात शिट्टी वाजवत होते. वरची गल्ली एक पाऊल पुढे ओढली गेली. शेपूट सरकलं. वीतभराचं अंतर चार बोटांवर आलं. गप्पूने पाय रोवले आणि झटके दिले. एक, दोन, तीन. मला धर. थांबून पुन्हा तीन. मला धर.

मी धरलं, मित्रांनो. दुसरं काय करणार होतो? मला माझ्या दोन पेडांची काळजी नव्हती. मी मधेच तुटलो असतो तर वरच्या गल्लीचे दहाही गडी, बेकरीवाल्यासकट, पाठीवर कोसळले असते, आणि त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर ती कनात होती.

पेंटर गर्दी फोडून मैदानात घुसला. तो मास्तरांकडे गेला नाही. ‘सोडा’ म्हणून ओरडलाही नाही. दुसरा कुणी असता तर तेच ओरडला असता, वरच्या गल्लीने हात सोडले असते, आणि खालच्या गल्लीने मला एका दमात खेचून नेलं असतं. पण ताणलेल्या दोराचं काय करायचं असतं हे त्याला ठाऊक होतं. तो रांगेच्या कडेने धावत मागे गेला, बेकरीवाल्याच्या पाठीशी मला काखेखालून घेतलं, खांद्यावरून पिळा दिला, टाचा मातीत रोवल्या आणि खाली बसला.

“ए, अकरावा माणूस! चीटिंग!” खालच्या गल्लीतून आरडाओरडा झाला.

“सोडू नका!” पेंटर बेकरीवाल्याच्या कानात ओरडला. “मेलात तरी सोडू नका!”

“सोडतोय कोण!” बेकरीवाला म्हणाला. त्याला वाटलं, बाजूला एक चांगला गडी मिळाला.

थोरली बापाच्या मागोमाग आली होती. ती कनातीखाली शिरली आणि तिची किंकाळी मला ऐकू आली. मग तिचे हात गप्पूच्या मनगटावर आले. ती ओढत होती. मूठ मिटलेली, कडं अडलेलं. तिने त्याची बोटं उघडायचा प्रयत्न केला. गप्पूने ती आणखी आवळली.

“बाबा! तो सोडत नाहीये!”

काहीही झालं तरी धरलेलं सोडायचं नाही. मी सोड म्हणेन तेव्हाच. ते पोर बापाचा शब्द पाळत होतं.

“गप्पू, सोड!” पेंटर ओरडला. त्याचा आवाज माइकच्या भोंग्याने गिळून टाकला. “सोड रे!” व्यर्थ. त्याने माझ्यातून सांगितलं असतं, पण काय सांगणार? माझ्याकडे तीनच शब्द होते, आणि ‘सोड’ त्यात नव्हता. त्याच्या टाचा मातीत तास पाडत पुढे घसरत होत्या. चार बोटांची तीन झाली, दोन झाली.

आणि भोंगा बंद पडला.

माइकवाल्याच्या टेबलाखाली मधला बसला होता. त्याच्या हातात तारेची पिन होती. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. बाबा ओरडतायत आणि ऐकू येत नाहीये, एवढंच त्याला दिसलं होतं, आणि हे बंद कसं करतात ते त्याला पाठ होतं.

अचानक एवढी शांतता झाली की माणसं ओरडायची थांबली. पेंटर मागे कलला, मला धरून पाठीवर आडवा झाला आणि डोकं कनातीखालून आत घातलं. गप्पूला बाबांचा चेहरा उलटा दिसला, हनुवटी वर, कपाळ खाली, घामाने भिजलेला.

“सोड, राजा,” पेंटर म्हणाला. “सोड आता. मी आहे.”

त्या शांततेत ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

“मी सोडू?” बेकरीवाल्याने घाबरून विचारलं.

“तुम्ही नाही हो! तुम्ही धरा!”

गप्पूने उलट्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं, हे आपलेच बाबा आहेत याची खात्री करून घेतल्यासारखं. मग एकेक बोट उघडलं. थोरलीने हात ओढला, तो कड्यातून बाहेर आला, आणि दोघं मागच्या खुर्च्यांवर आदळली. रिकामं कडं फटीवर जाऊन खट्कन आपटलं.

तेव्हाच माझा काचलेला पेड तुटला. तट् असा आवाज झाला. उरलेल्या दोघांवर मी ताणलेला राहिलो, मास्तर धावत येऊन “दोन्हीकडून सावकाश सैल करा” म्हणेपर्यंत.

मित्रांनो, त्या दिवशी कोण जिंकलं ते आजवर ठरलेलं नाही. दोन्ही गल्ल्या आपणच जिंकलो असं सांगतात. बेकरीवाल्याने कनातीमागे येऊन काय प्रकार आहे ते पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. “ते झटके,” तो म्हणत राहिला, “मला वाटलं चाळे करतायत. मला वाटलं चाळे करतायत.” कवायत मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. पेंटरने गप्पूला पोटाशी धरलं होतं आणि तो सगळ्यांदेखत हमसून हमसून रडत होता. त्याला आता कुणी साहेब म्हटलं काय आणि ए पेंटर म्हटलं काय, सारखंच होतं.

संध्याकाळी आई आली. दारातच तिने विचारलं, “तिघं?”

“तिघं,” पेंटर म्हणाला. मग त्याने तिला सगळं सांगितलं, साहेब म्हटल्यावर फुगलो इथपासून ते शर्टाचा रंग आठवेना इथपर्यंत. काही लपवलं नाही. मला वाटलं आता वीज कोसळणार. आईने गप्पूला मांडीवर घेतलं, त्याची पाचही बोटं एकेक करून वाकवून पाहिली, मनगट चाचपलं.

“धरायला शिकवलंत ते बरं केलंत,” ती शेवटी म्हणाली. “पण सोडायचं कधी, हे कळायला त्याच्यापाशी तुम्हीच हवेत. तुम्ही जवळ नसलात तर?”

मी अजून पेंटरच्या खांद्यावरच होतो. गप्पूने हात लांब करून माझं टोक धरलं आणि दिले झटके. मी मोजले. चार होते. मग त्याने आपली मूठ उघडून आईला दाखवली. मधला उडालाच. “बघा! मी विचारलं होतं ना, चार दिले तर काय होतं!”

अशी माझ्या भाषेत चौथ्या शब्दाची भर पडली. ती घातली ती न बोलणाऱ्या पोराने.

दुसऱ्या दिवशी पेंटरने मला लाल पट्ट्याशी कापलं. माझा अर्धा भाग त्याने पुरून टाकला, टाकून नाही दिला, याचं मला फार बरं वाटलं. गाठींचा नि कड्याचा अर्धा भाग आजही रोज शाळेत जातो. एक तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो. तुमच्या शब्दावर कुणी काही धरून बसलं असेल, लहान भाऊ असेल, बहीण असेल, नाहीतर खिळ्यावरचा जुना दोर असेल, तर त्याला विसरून पुढे जाऊ नका. तो तुमचा शब्द मोडणार नाही. हात गेला तरी मोडणार नाही. म्हणून परत या आणि त्याला सांगा.

शाळेच्या दाराशी पेंटर आता गुडघ्यांवर बसतो. थोरलीला नावाने हाक मारून म्हणतो, सोड. मधल्याला म्हणतो, सोड. मग गप्पूच्या डोळ्यांत बघतो आणि माझं टोक हलकेच चार वेळा ओढतो. मूठ उघडते. पेंटर तसाच बसून राहतो, कडं रिकामं झालंय हे स्वतःच्या बोटांनी चाचपून बघेपर्यंत. डोळे मिटून, पूर्वी मला तपासायचा तसा.